लांबकान्याचं नाव

एर्की बंदरात एका प्राण्याचं नाव कुणी घेत नाही. कान लांब, शेपूट आखूड, गाजर खातो, टुणटुण उड्या मारतो. एवढ्यावरून ज्याला कळायचं त्याला कळलं. जुन्या काळी एका लाकडी जहाजावर खायला म्हणून नेलेल्या या जनावरांनी पिंजरे फोडले, दोर कुरतडले, फळ्यांच्या भेगांत ठासलेला काथ्या कुरतडला आणि जहाज माणसांसकट तळाला गेलं, असं म्हणतात. खरंखोटं ते जहाज जाणे. आता बोटी लोखंडाच्या आहेत आणि लोखंड कुरतडणारं जनावर अजून जन्माला यायचंय, पण नाव घेणं बंद ते बंदच. अगदीच अडलं तर ‘लांबकान्या’ म्हणायचं, तेही हळू आवाजात आणि पाय जमिनीवर असताना. इथेही तूर्त तसंच म्हणू. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

नाव न घेणाऱ्यांत गुल्वेन, एका मासेमारी बोटीचा तांडेल, सगळ्यात कडक. त्याच्या मुलीची, रोझेनची, गोष्ट बंदरात सगळ्यांना पाठ आहे. पोर सहा वर्षांची असताना हट्ट करून बापाबरोबर बोटीवर गेली. धक्का सुटला, बंदराचं तोंड आलं आणि पोरीनं पिशवीतून मखमलीचा लांबकान्या काढून रेडिओशेजारच्या फळीवर ऐटीत बसवला. गुल्वेननं तो बघितला. त्यानं खेळणं उचलून पाण्यात भिरकावलं, बोट वळवली आणि हवा छान असूनही दिवसभर घरी बसून राहिला. पोर आठवडाभर बापाशी बोलली नाही. त्याची बायको मारीवॉन म्हणाली होती, “एवढा धिप्पाड माणूस, आणि कापसाच्या चिंधीला घाबरतो!” गुल्वेन म्हणाला, “हो, घाबरतो. म्हणून तर रोज घरी येतो.”

त्याच पोरीनं पुढे दहा वर्षं बापाच्या बोटीवर खलाशी म्हणून काम केलं आणि गेल्या उन्हाळ्यात स्वतःची बोट घेतली. ‘आवेल मोर’, म्हणजे समुद्रवारा, असं नाव ठेवलं. गुल्वेनला ते झोंबलं. माझ्या जागा शिकली, माझी रीत शिकली, आता माझ्याच पाण्यात माझ्यासमोर जाळं टाकणार, असं तो फाँशजवळ बोलला. फाँश म्हणजे त्याचा खलाशी, लहानपणापासूनचा दोस्त. खरं दुखणं वेगळंच होतं. पोर त्याच्या बोटीवर असताना तिच्यावर त्याचा डोळा असायचा. पाय घसरला तर तो होता, वायर तुटली तर तो होता. आता ती डोळ्याआड पाण्यावर होती आणि गुल्वेनला रोज धास्ती वाटायची. पण हे बोलणार कसं? मग तो फक्त रागावला. बापलेक घरी हवापाण्यापुरतं बोलत, तेही बरेचदा मारीवॉनच्या मार्फत.

शिंपल्यांची मासेमारी कशी चालते ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पंख्यासारखी, तळहाताएवढी शिंपली असते. ती समुद्राच्या तळाशी वाळूत रुतून पडलेली असते. तिला खरवडून काढायला ड्रेज लागतो. ड्रेज म्हणजे लोखंडाची जड चौकट, खालच्या कडेला दात आणि मागे कड्या गुंफून केलेली पिशवी. बोट तो तारेच्या दोरानं तळावरून ओढत नेते आणि मग विंच, म्हणजे दोर गुंडाळणारं यंत्र, तो वर खेचते. शिंपली संपून जाऊ नये म्हणून आठवड्यात दोनच दिवस परवानगी असते, आणि त्या दिवशीही फक्त पाऊण तास. बोटी रांगेत थांबतात, रेडिओवर इशारा झाला की सगळे ड्रेज एकदम पाण्यात. वर सरकारी विमान घिरट्या घालतं, वेळ संपली की कुणाचाही ड्रेज पाण्यात दिसता कामा नये. त्या पाऊण तासात सख्खा भाऊ पाण्यात पडला तरी लोक आधी ड्रेज वर घेतील आणि मग भावाला, असं म्हणतात. थट्टेत म्हणतात, पण म्हणतात.

आणि त्या पाऊण तासात रेडिओवर कुणी खरं बोलत नाही. ज्याच्या डेकवर ढीग पडलाय तो म्हणतो, “नुसते दगड, बाबांनो.” ज्याला दगड मिळालेत तो म्हणतो, “इकडे या, सोनं आहे सोनं.” खोटं बोलणं हा तिथला शिष्टाचारच आहे. या कलेत गुल्वेन सगळ्यांचा बाप. दोन हिवाळ्यांपूर्वी एका झकास जागेवर चार-पाच बोटी त्याच्या अंगावर आल्या, तेव्हा त्यानं माइकमध्ये बोंब ठोकली होती, “सुरुंग! सुरुंग वर आलाय! पळा!” या उपसागरात महायुद्धातले सुरुंग आणि बाँब अजून पडलेले आहेत, अधूनमधून कुणाच्या तरी ड्रेजमध्ये येतात, हे सगळ्यांना ठाऊक. बोटी वाट फुटेल तिकडे पळाल्या. गुल्वेननं आणि रोझेननं निवांत डेक भरला. त्या संध्याकाळी बंदरावरच्या गुत्त्यात लोकांनी त्याला फाडूनच खाल्लं असतं, पण त्यानं सगळ्यांना सफरचंदाची सायडर पाजली आणि सगळ्यांत मोठ्यांदा हसत होती ती रोझेन. तेव्हापासून एर्कीत कुठल्याही थापेला ‘गुल्वेनचा सुरुंग’ म्हणतात. नवरा बायकोला म्हणाला, चर्चला जाऊन येतो, की ती म्हणते, “हा गुल्वेनचा सुरुंग दुसऱ्या कुणाला सांग.”

फेब्रुवारीतली सकाळ होती. पूर्वेचा बोचरा वारा, लाटा आखूड पण उभ्या. काळी म्हातारी नावाच्या खडकाजवळ गुल्वेननं बोट आणून ठेवली होती. खडकाच्या भीतीनं तिकडे फारसं कुणी जात नसे. बोटी रांगेत थांबलेल्या असतानाच तुग्दुआल नावाच्या दुसऱ्या तांडेलानं रेडिओवर विचारलं, “गुल्वेन, म्हातारीच्या पदराखाली काय शोधतोयस?”

“दगड. घराला कुंपण घालायचंय.”

सगळे हसले. रोझेन काही बोलली नाही. ती बोलली नाही हे गुल्वेनच्या लक्षात आलं आणि त्याचं तोंड कडू झालं. पोरगी ओळखून होती.

इशारा झाला. ड्रेज पाण्यात गेले. पहिल्या खेपेला पिशवी शिंपल्यांनी इतकी भरून आली की फाँशनं शीळ घातली. “दगड फारच गोंडस आहेत रे,” तो म्हणाला आणि फावड्यानं ढीग बाजूला करू लागला. दुसऱ्या खेपेला ओढ सुरू केली आणि थोड्या वेळानं वायर एकदम ताठ झाली. बोट एका अंगावर कलली. इंजिन कण्हलं. गुल्वेननं वेग तोडला, वायर थोडी सैल सोडली, पुन्हा ओढली. काहीतरी सुटलं. मग विंच लावली तर ती कुरकुरत, अडखळत ओढू लागली.

“म्हातारीचा दात आणलास बहुतेक,” फाँश म्हणाला.

ड्रेज पाण्याबाहेर आला तेव्हा पिशवीत शिंपल्या, दगड आणि चिखल होता. चौकटीच्या तोंडात मात्र आडवं अडकलेलं काहीतरी होतं. वासराच्या धडाएवढं लांब, गंजलेलं, शेवाळलेलं, एका टोकाला वाकडे पत्र्याचे पंख, वर लोखंडी कडी. पाणी निथळून गेलं आणि ते काय आहे ते दोघांनाही एकाच वेळी कळलं.

“देवा रे,” फाँश म्हणाला.

त्याच क्षणी आडवी लाट आली. बोट डावीकडे झुकली आणि बोटीच्या लोखंडी कमानीला लोंबणारा ड्रेज झोका घेऊन बोटीच्या कडेवर आपटला. लोखंडावर लोखंड वाजलं. गुल्वेन अख्खं आयुष्य विसरून गेला, बायकोचं नाव विसरला, हात विंचच्या दांड्यावर आहे की नाही हेही त्याला कळेना. बोट परत उजवीकडे आली, ड्रेज परत झुलला आणि ते धूड चौकटीच्या तोंडातून घसरलं. डुबुक आवाज झाला आणि ते गेलं.

गुल्वेननं डोळे मिटून घेतले. पाणी तिथं दहा-बारा पुरुष खोल. आता खाली जातंय. आता जातंय. आता तळाला टेकेल. फाँशनं त्याचं मनगट धरलं होतं, कधी धरलं कुणास ठाऊक. दोघं म्हातारे डोळे मिटून, पोरासारखे हात धरून उभे राहिले आणि काहीच झालं नाही. वारा वाजत होता, वर विमान घरघरत होतं.

“वाचलो,” फाँश म्हणाला आणि रडायलाच लागला.

गुल्वेननं डोळे उघडून मागे बघितलं. ‘आवेल मोर’ येत होती. बरोबर त्याच्याच मागावरून, त्यानं जशी ओढ घेतली होती अगदी तशीच ओढ घेत. तिच्या मागे वायर ताठ पसरलेली होती, म्हणजे ड्रेज तळाला होता आणि त्याचे लोखंडी दात वाळू उकरत येत होते. बापाच्या थापेवर पोरीनं विश्वास ठेवला नव्हता. गुल्वेनच्या पोरीनं तो ठेवायचा तरी कशाला?

ते धूड दोघांच्या बोटींच्या मधे पडलं होतं.

त्यानं माइक ओढला. “रोझेन! थांब! गिअर काढ! खाली बाँब आहे!”

रेडिओवर क्षणभर खरखर झाली आणि मग पोरीचं हसू ऐकू आलं. “अरे वा! बाबा, अजून तोच?”

“खरंच सांगतोय! माझ्या ड्रेजमध्ये आला होता, सुटून खाली पडला! तुझ्या वाटेत आहे!”

“तो डाव मी तुझ्याच डेकवर उभं राहून शिकले. विसरलास? त्या दिवशी माइक तुझ्या हातात मीच दिला होता.”

“रोझेन, आईची शपथ!”

“आईची शपथ तेव्हाही घेतली होतीस.”

घेतली होती. गुल्वेनला ते शब्द न् शब्द आठवले. मधेच तुग्दुआल ओरडला, “आला रे आला, गुल्वेनचा सुरुंग आला! पळा पोरांनो, छत्र्या उघडा!” आणखी कुणीतरी भोंगा वाजवला. सगळा ताफा खिदळत होता. जो तो आपापल्या ड्रेजमागे होता, आणि वेळ पळत होता.

“तू बोल!” गुल्वेननं माइक फाँशच्या तोंडाशी धरला. फाँश बिचारा बोलला, “बाँब आहे, पोरी, मी पाहिला!” पण फाँशनं सांगितलं तर आज कुठला वार आहे हेसुद्धा लोक कॅलेंडरात बघून घेत. हशा आणखी वाढला. “किनाऱ्यावरच्या बचाव केंद्राला फोन लाव,” गुल्वेन त्याला म्हणाला. फाँशच्या हातातून फोन डेकवर पडला, शिंपल्यांच्या ढिगात गेला आणि तो गुडघ्यांवर बसून चाचपडू लागला.

गुल्वेननं सुकाणू पूर्ण फिरवलं. तिच्या आडवं जायचं, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. आडवं जायचं म्हणजे त्या धुडाच्या बरोबर डोक्यावर जाऊन उभं राहायचं, हे त्याला कळत होतं. पायाखालच्या लोखंडी पत्र्याखाली पाणी आणि पाण्याखाली ते. तरी त्यानं बोट पुढे घातली आणि ‘आवेल मोर’च्या वाटेत आणून आडवी केली.

आता पोरीचा चेहराच दिसत होता. केबिनच्या काचेमागे तिची लाल टोपी, आणि डेकवर तिचा खलाशी, झिल्दा, हात उंचावून शिव्या घालत होता. रोझेन खवळली. “बाबा, मागे वायर आहे माझी! आडवा काय येतोस? अक्कल गहाण ठेवलीस का?” आणि तिनं सुकाणू थोडंसं वळवलं. बापाला वळसा घालून जायला. थांबली नाही. तिची बोट त्याच्या बाजूनं निघाली आणि तिची वायर तिरकी होत त्याच्याच खालून यायला लागली.

आता काय सांगणार? थाप आणि सत्य यांची भाषा एकच होती आणि ती त्यानं स्वतः वापरून झिजवली होती. ओरडणं, शपथ, रडणं, सगळं त्यानं आधी खोटं करून ठेवलं होतं. ज्यात त्यानं कधीच थाप मारली नाही असं जगात काय उरलं होतं?

एकच गोष्ट होती. ती त्याला सुचली आणि तिची भीती त्याला खालच्या बाँबपेक्षा जास्त वाटली. चाळीस वर्षं समुद्रावर आणि त्याआधी आईच्या मांडीवरही ते नाव त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. बाँब फुटला तर फुटेल, पण हे नाव पाण्यावर घेतलं तर समुद्र वसूल केल्याशिवाय राहत नाही, असं त्याच्या बापानं सांगितलं होतं आणि बापाच्या बापानं.

त्यानं माइक तोंडाशी धरला.

“ससा,” गुल्वेन म्हणाला.

रेडिओ गप्प झाला. भोंगा वाजत होता तो मधेच थांबला. डेकवर गुडघ्यांवर बसलेल्या फाँशनं मान वर केली, त्याच्याकडे बघितलं आणि छातीवर क्रूस काढला.

“ससा, रोझेन. ऐकतेस ना? मी पाण्यावर आहे आणि माझ्या तोंडानं म्हणतोय. ससा. ससा. खाली बाँब आहे, पोरी.”

कुणी हसलं नाही. कुणी शिवीही दिली नाही. मग रोझेनचा आवाज आला, अगदी लहान, गुल्वेननं कितीतरी वर्षांत न ऐकलेला.

“बाबा?”

“गिअर काढ.”

“काढला.”

“विंचला हात लावू नकोस. वर ओढू नकोस. ब्रेक सोड आणि सगळी वायर जाऊ दे. टोकासकट जाऊ दे.”

नवा ड्रेज होता तिचा, याच मोसमात घेतलेला. गुल्वेनला ते माहीत होतं. पोरीनं एक शब्द विचारला नाही. झिल्दानं ब्रेकचा दांडा खाली ओढला, विंचचं पिंप भणभणत फिरलं, वायर साप पळावा तशी कडेवरून सरसरत गेली, तिचं टोक हवेत एकदा उडालं आणि पाण्यात नाहीसं झालं. ‘आवेल मोर’ मोकळी झाली. रोझेननं वेग दिला आणि दूर गेली. ती पार दूर जाईपर्यंत गुल्वेन तिथंच, धुडाच्या डोक्यावर, इंजिन जेमतेम चालू ठेवून उभा होता. जावं की न जावं हे त्याला सुचत नव्हतं. शेवटी फाँशनंच सुकाणू धरलं.

त्यानंतर कुणी वेळेची वाट बघितली नाही. एकामागून एक सगळे ड्रेज वर आले. सरकारी बोट आली, बोया टाकला गेला, सगळ्यांना बंदराकडे पिटाळलं गेलं. परतीच्या वाटेवर फाँश मागे, गुल्वेनकडे पाठ करून बसला होता. धक्क्याला दोर बांधल्यावर तो खाली मान घालून म्हणाला, “तू बरोबर केलंस, गुल्वेन. मी असतो तर मला जमलं नसतं. पण मी यापुढे तुझ्याबरोबर येणार नाही. नातवंडं लहान आहेत.”

“येऊ नकोस,” गुल्वेन म्हणाला. “मीही येऊ देणार नाही.”

संध्याकाळी नौदलाचे पाणबुडे खाली उतरले. नंतर त्यांनी तो बाँब उडवला, दूर समुद्रात पाण्याचा पांढरा खांब उभा राहिला आणि थोड्या वेळानं बंदरातल्या सगळ्या खिडक्या खडखडल्या. मारीवॉन उलटत होती ते काळ्या गव्हाचं धिरडं तव्याबाहेर पडलं. पाणबुड्यांतला एकजण नंतर गुत्त्यात सांगत होता की रोझेनच्या ड्रेजचा एक दात त्या धुडाच्या लोखंडी कडीत शिरलेला होता. विंचचा नुसता एक हिसका, आणि खेळ खलास. हे गुल्वेनला घराच्या पायरीवर उभं असताना कळलं. तो तिथंच खाली बसला. मारीवॉननं हात धरून त्याला आत नेलं.

सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली असती, पण नाव घेतलेल्या माणसाला हात लावायला कुणी धजेना. आभार मानायचे तर सगळ्यांनाच मानायचे होते. दुकानात बायका त्याच्याकडे बघून हसल्या, डोळे पुसले आणि एक पाऊल मागे सरल्या. तुग्दुआलनं घरी सायडरचं पिंप पाठवून दिलं, स्वतः आला नाही. गुल्वेनला कुणाचा राग आला नाही. त्यानं स्वतःच बोटीचा दोर दुहेरी बांधला आणि इंजिनाची किल्ली मारीवॉनच्या भरतकामाच्या डब्यात टाकली. नाव त्यानं घेतलं होतं. समुद्राला वसूल करायचं तर त्याच्याकडून करू दे, त्यासाठी समुद्राला जमिनीवर यावं लागेल. पण मी पाण्यावर गेलो आणि समुद्रानं माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवलं तर? तो दुसरा कोण, हे त्याला मनातही म्हणवत नव्हतं. रात्री तो उठून खिडकीशी बसायचा.

पुढच्या परवानगीच्या दिवशी तो धक्क्यावर आला. बोटीवर जायला नाही, नुसता बघायला. हात खिशात, खांदे पडलेले. लोक दोर सोडत होते, इंजिनं धडधडत होती आणि त्याच्या आसपास मोकळी जागा राहिली होती. ‘आवेल मोर’ धक्क्यालाच होती. कुणाचा तरी जुना ड्रेज उसना आणला होता. झिल्दा विंचला वंगण घालत होता. रोझेन केबिनमधून बाहेर आली.

“बाबा, चल.”

“कुठे?”

“पाण्यावर. अजून कुठे? तुझी ती किल्ली आईच्या सुयांत राहू दे. माझ्या बोटीवर ये.”

“नाही.”

“का?”

“का ते तुला ठाऊक आहे.” गुल्वेन इकडेतिकडे बघून हळू म्हणाला, “मी नाव घेतलंय. माझ्याबरोबर कुणी जायचं नसतं. तुझ्याबरोबर तर मुळीच नाही. मला भीती वाटते गं, रोझेन. तुझी भीती वाटते. उन्हाळ्यापासून वाटते. आता तर...”

रोझेन बोटीच्या कडेवर चढून उभी राहिली, जिथं पायाखाली पाणीच होतं. टोपी काढली आणि अख्ख्या बंदराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडली, “ससा! ससा! ससा!”

धक्क्यावर लोकांच्या हातून दोर पडले. एकानं हातातली कॉफी सांडली. तुग्दुआल आपल्या बोटीवरून “अगं पोरी!” एवढंच म्हणाला. झिल्दानं वंगणाचा डबा खाली ठेवला, आपली पिशवी उचलली, रोझेनकडे न बघता कडा ओलांडली आणि धक्क्यावरून तरातरा चालता झाला. त्यानं पगाराचंही विचारलं नाही.

“हे काय केलंस?” गुल्वेन ओरडला. “काय केलंस हे!”

“मी लहान असताना तू माझा मखमलीचा पाण्यात टाकलास, आज मी तुझा टाकला. फिटलं.” रोझेननं टोपी पुन्हा डोक्यावर ओढली. ती गरजेपेक्षा मोठ्यानं बोलत होती. “समुद्राला वसूल करायचं तर आता दोघांकडून करावं लागेल. मला खलाशी नाही राहिला, बघ. या बंदरात माझ्याबरोबर येऊ शकेल असा आता एकच माणूस आहे. ड्रेज एकटीनं वर घेऊ का?”

गुल्वेननं समुद्राकडे बघितलं. वारा पूर्वेचाच होता. ही एकटी जाणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. पोरगी कुणाची होती? त्यानं कडेला हात टेकला, एक पाय डेकवर ठेवला आणि दुसराही ठेवला.

“आधी लाइफ जॅकेट घाल,” तो म्हणाला. “मलाही एक दे.”

रोझेननं फळीवरून दोन्ही जॅकेटं काढली. गुल्वेननं तिच्या जॅकेटचे बंद स्वतःच्या हातानं बांधले, दोनदा ओढून बघितले आणि मग दोर सोडला.